उन्हाळ्यासाठी पुरुषांचे कॅज्युअल बूट: दुकानात काय वाकवावं, काय दाबावं, काय सोडून द्यावं

टाकून द्यायला काढलेला कॅनव्हासचा किंवा जाळीचा बूट एकदा नीट बघा. कापड बहुधा शाबूत असतं. बूट गेलेला असतो तो तीन ठिकाणी: चवड्यापाशी, जिथे तो दर पावलाला वाकतो, कापड आणि सोल एकमेकांना धरतात त्या सांध्यावर, आणि टाचेच्या आत, जिथलं अस्तर घासून भोक पडतं. नवा जोड घेताना मात्र आपण रंग बघतो, नाव बघतो, किंमत बघतो आणि डबा बांधून घेतो. या तीन जागा कुणी बघत नाही.

उन्हाळ्यात या तिन्ही जागांची परीक्षा होते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या पुढे असतो. सोल चिकटवायचं सोल्यूशन अशा उष्णतेत मऊ पडू लागतं. वर खारट घाम, आणि मोजे न घालता किंवा अगदी आखूड मोज्यांवर बूट घालायची सवय. त्यामुळे हिवाळ्यात दोन वर्षं सहज चालला असता असा जोड उन्हाळ्याच्या दोन महिन्यांतच तोंड उघडतो.

पहिली पायरी: कुठे घालणार ते ठरवा

रोज स्टेशनचा जिना, लोकल आणि पुढे पंधरा मिनिटं चाल असेल तर रबरी सोलचा कॅनव्हास किंवा खाली रबर लावलेला जाळीचा बूट. गाडीने ऑफिस आणि संध्याकाळी कुणाकडे जायचं असेल तर लोफर, म्हणजे बिननाडीचे, नुसते पाय सरकवायचे बूट, चालतील. फक्त तळाला रबराच्या गोट्या असलेले लोफर चालण्यासाठी घेऊ नका. ते मुळात गाडी चालवताना पेडलवर पकड राहावी म्हणून केलेले असतात. रस्त्यावर त्या गोट्या झिजतात आणि मग खाली पातळ चामडंच उरतं. तागाच्या दोरीच्या सोलचे एस्पाड्रिल दिसायला झकास, पण ताग भिजला की कुजतो. कोरड्या संध्याकाळीपुरते ठीक.

मुंबई, कोकण, गोवा इथे आणखी एक हिशेब करायचा. एप्रिलमध्ये घेतलेला बूट जूनमध्ये भिजणारच आहे. सुएड, म्हणजे लव असलेलं चामडं, तिथे पहिल्याच पावसात डाग धरतं आणि कपाटात बुरशी. नागपूर-अकोल्याकडे दमटपणा कमी, ऊन जास्त. तिथे सुएड चालेल, पण सोल पातळ नको, कारण रस्त्याची धग थेट तळव्याला लागते.

दुसरी पायरी: पाऊल मोजा, आणि संध्याकाळी मोजा

दिवसभर उभं राहून, चालून पाऊल थोडं फुगतं. सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी चावतो. म्हणून मोजणी आणि खरेदी दोन्ही संध्याकाळी.

भिंतीला लावून जमिनीवर कागद ठेवा. टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटासमोर पेन्सिलने खूण करा. पेन्सिल उभी धरा, तिरकी धरली की तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात. लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पावलं मोजा आणि मोठ्या पावलाचं माप धरा. जमलं तर चवड्याची सगळ्यात रुंद जागाही मोजून ठेवा.

आता नंबर. आपल्याकडे चालतो तो यूके नंबर. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन नंबरात एक घर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटिमीटर, जवळपास पावणेसात मिलिमीटर. दोन्ही पट्ट्यांची घरंच वेगळी असल्याने यूके ८ म्हणजे कुठे ४२ तर कुठे ४२.५ लिहिलेलं दिसतं. यात कुणी फसवत नाही. नंबरांची तुलना करत बसण्यापेक्षा कंपनीच्या तक्त्यात पावलाच्या लांबीचा सेंटिमीटरचा रकाना असेल तर आपलं माप तिथे लावा.

चवडा रुंद असेल, आणि चपलांत वाढलेल्या पावलांचा तो बरेचदा असतोच, तर एक नंबर मोठा घ्यायचा मोह होतो. तो टाळा. बूट ज्या फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, बनतो त्या फर्म्यात वाकायची जागा ठरलेली असते. लांब बूट घेतला की तुमचा चवडा त्या जागेच्या मागे पडतो. बूट भलतीकडे वाकतो, तिथे सुरकुती पडून तडा जातो आणि टाच आत वरखाली होऊन अस्तर खाते. रुंदीला अडचण असेल तर रुंद फर्म्याचा दुसरा मॉडेल शोधा किंवा नाडीचा बूट घ्या. लोफरमध्ये सैल-घट्ट करायला काहीच नसतं.

तिसरी पायरी: वरचा भाग

कॅनव्हास दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरा आणि आत बोट घालून बघा. प्रकाशाची टिंबं टिंबं दिसली तर कापड विरळ आहे किंवा एकाच थराचं आहे. चांगल्या कॅनव्हास बुटाला आत सुती अस्तराचा दुसरा थर असतो. तो घाम शोषतो आणि बाहेरच्या कापडाला आकार देतो. गडद रंगाचा बूट असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाचा कोपरा आतून घासा. रुमालाला रंग लागला तर तोच रंग घामाने पायालाही लागणार.

जाळीच्या बुटात भोक पडतं ते अंगठ्याच्या वर, आणि आतून. चालताना अंगठा वर उचलला जातो आणि नख जाळीला घासत राहतं. म्हणून टोकाला जाळीवर आणखी एक थर, म्हणजे टोपी, आहे का बघा. बाकी नखं वेळेवर कापणं हा उपाय फुकटचा आहे.

चामड्यासारखं दिसणारं सगळं चामडं नसतं, हे सांगायला नकोच. रेक्झिनचा बूट वाकवला की बारीक, एकसारख्या, कागदासारख्या सुरकुत्या पडतात. कडेला कुठे कापलेला भाग उघडा दिसत असेल तर वर पातळ थर आणि खाली विणलेलं कापड दिसेल. हा वरचा थर घाम आणि दमटपणाने सुटतो आणि पापुद्रे निघतात. त्याला पॉलिश लावून काही उपयोग नाही. काही बुटांच्या आत किंवा डब्यावर छोटी चित्रं असतात. कातड्याच्या आकाराचं चित्र म्हणजे चामडं, त्या आकाराच्या आत चौकट म्हणजे वर थर दिलेलं चामडं, विणीचं चित्र म्हणजे कापड, नुसती तिरपी चौकट म्हणजे इतर साहित्य. ही युरोपातली खुणांची पद्धत आहे. वरचा भाग, अस्तर आणि सोल यांच्यासाठी वेगवेगळी खूण असते, तेव्हा ‘लेदर’ हा शब्द नेमका कशापुरता आहे ते यावरून कळतं.

शिवणीचे टाके मोजा. कापडी बुटाला इंचाला आठ ते दहा टाके असले की बरं. पाच-सहाच असतील तर शिवण उसवायला वेळ लागणार नाही. चामड्याला उलट टाके फार दाट नकोत. सुईची भोकं पोस्टाच्या तिकिटासारखी जवळजवळ पडली की चामडं त्याच रेघेवर फाटतं. नाडीची काजं जिथे संपतात आणि दोन्ही बाजूच्या पाकळ्या पुढच्या भागाला मिळतात, तिथे ताण सगळ्यात जास्त. तिथे दुहेरी शिवण किंवा आडवे घट्ट टाके हवेत.

काजांच्या कड्या लोखंडी आहेत का हे बघायला फ्रिजवरचं छोटं चुंबक खिशात ठेवा. चिकटलं तर लोखंड. गंज चढला की कॅनव्हासवर तपकिरी ओघळ येतात आणि ते धुऊन जात नाहीत. ॲल्युमिनियम किंवा पितळेला चुंबक चिकटत नाही.

चौथी पायरी: सोल

दुकानदार सोलला ‘एकदम सॉफ्ट’ म्हणतो तेव्हा ती तारीफ आहे की इशारा, हे सोल कशाचा आहे यावर ठरतं.

रबराचा सोल जड असतो, पण ओल्या फरशीवर पकड त्याचीच चांगली आणि झीजही सावकाश. ईव्हीए म्हणजे हलका, फेसासारखा सोल. हातात घेतला की बूट रिकाम्या डब्यासारखा वाटतो. पायाला आराम मिळतो, पण थेट रस्त्याला लागला तर टाचेची बाहेरची कड लवकर झिजते. म्हणून ईव्हीएच्या खाली निदान टाचेला आणि चवड्याला रबराचे तुकडे बसवलेले असावेत. ईव्हीएची परीक्षा सोपी आहे: अंगठ्याच्या नखाने बाजूला जोरात दाबा आणि सोडा. खूण लगेच भरून आली तर ठीक. वळ तसाच राहिला तर दोन-तीन महिन्यांत तुमच्या वजनाने सोल बसणार.

पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, सोल फसवा. नवा असताना मऊ, टिकाऊ, देखणा. पण हवेतल्या दमटपणाने त्याची आतली रचना हळूहळू तुटते, बूट डब्यात पडून असला तरीही. चार-पाच वर्षं जपून ठेवलेला बूट लग्नाला काढावा आणि मांडवात सोलचा भुगा व्हावा, तो हाच प्रकार. रोज वापरलेला पीयू उलट बरा टिकतो. म्हणून सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा पीयू सोलचा जोड घेण्याआधी डब्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. दोन वर्षांहून जुना असेल तर ती सूट नाही, उरलेलं आयुष्य तुम्हाला विकलं जातंय. कोकणातल्या हवेत तर हे आयुष्य आणखी कमी.

पीव्हीसी ओळखू येतो वजनाने, चकाकीने आणि नव्या प्लॅस्टिकच्या वासाने. स्वस्त असतो, ओल्या लादीवर सरकतो, वाकायच्या जागी चिरतो. टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) हा पीव्हीसी आणि रबर यांच्या मधला. रोजच्या साध्या वापराला पुरतो.

तळाच्या नक्षीची खोली दोन मिलिमीटर तरी असावी. नक्षी नुसती रेघांची, वरवरची असेल तर पावसाच्या पहिल्या आठवड्यातच कळेल.

पाचवी पायरी: सांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण बूट इथेच जातो.

कापड आणि सोल जोडायच्या नेहमीच्या तीन पद्धती आहेत. पहिली भट्टीची, जुन्या कॅनव्हास बुटांची. कच्च्या रबराची पट्टी बुटाभोवती गुंडाळतात आणि अख्खा बूट भट्टीत घालून रबर पिकवतात, म्हणजे व्हल्कनाइझ करतात. पट्टी, सोल आणि कापड एकजीव होतात. बूट जड पण सांधा भक्कम. त्याची कमजोर जागा एकच: चवड्यापाशी पट्टी वाकून वाकून चिरते. पट्टीची दोन टोकं जिथे मिळतात, बहुतेक वेळा आतल्या बाजूला, तिथे नख घालून बघा. टोक आत्ताच उचललं जात असेल तर दुसरा जोड मागा.

दुसरी पद्धत पेस्टिंग. तयार सोल सोल्यूशनने चिकटवलेला असतो. आजचे बरेचसे जाळीचे बूट असेच. पेस्टिंग म्हणजे वाईट असं नाही. नीट केलेलं पेस्टिंग वर्षानुवर्षं टिकतं. बिघडतं ते घाईत केलेलं: कापडाची किंवा सोलची कड खरवडली नाही, सोल्यूशन पूर्ण सुकू दिलं नाही, दाबाखाली पुरेसा वेळ ठेवलं नाही. हे बाहेरून दिसत नाही, पण फट दिसते. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सांध्यात सरकवा, बुटाच्या टोकापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी टाचेपर्यंत. कुठेही दोन मिलिमीटर आत गेला तर तो जोड परत ठेवा. बाहेर सुकलेल्या सोल्यूशनचा थोडा डाग दिसला तर घाबरू नका. ती सफाईतली कसर आहे, मजबुतीतली नाही.

तिसरी शिलाईची. सोल वाटीसारखा वर चढतो आणि त्याच्या कडेतून दोरा आत जातो. तिन्हींत हा टिकाऊ, आणि म्हणूनच याची नक्कल सर्रास होते: सोलच्या कडेला साच्यातच टाक्यांचा आकार ओतलेला असतो. खरी शिलाई ओळखायची तर सुखतळा उचला. आत कडेने दोऱ्याची रांग दिसली तर शिलाई खरी. सुखतळा चिकटवलेला असेल तर बाहेरच्या टाक्यावर नख घाला. दोरा किंचित हलतो, साच्यातला आकार हलत नाही.

आता बूट वाकवा. एका हातात टाच, दुसऱ्या हातात टोक, आणि दहा-बारा वेळा सावकाश दाबा. तो पुढच्या तिसऱ्या भागात वाकायला हवा, जिथे तुमची बोटं तळव्याला जोडलेली असतात. मधोमध पुस्तकासारखा मिटत असेल तर तळव्याच्या कमानीला आधार नाही, तासाभराच्या चालीत पोटऱ्या दुखतील. वाकलेल्या अवस्थेतच सांध्याकडे बघा. नवीन बुटाला तिथे केसाएवढी फट दिसली तर महिन्याभरात ती तोंड उघडेल. मग टोक आणि टाच धरून ओलं कापड पिळल्यासारखं पिळा: थोडा पीळ ठीक, जिलेबी नको. शेवटी टाचेची मागची भिंत दोन बोटांनी दाबा. ती लगेच चेपली तर आत पुठ्ठा पातळ आहे. मागची बाजू चेपून पाय घालायची सवय असेल तर ती भिंत दोन आठवड्यांत बसेल.

लोफर तपासताना हाच क्रम, फक्त वाकवताना पुढची आडवी पट्टी आणि गोलाईची शिवण यांच्याकडे जास्त लक्ष. तिथले टाके बरेचदा शोभेचे असतात.

सहावी पायरी: पायात घाला

दोन्ही पायांत घाला, नाडी बांधा आणि दुकानातल्या गालिच्यावरून उतरून फरशीवर चाला. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटासमोर दहा-बारा मिलिमीटर, म्हणजे जवळपास बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच किंचित उचलली जाणं चालेल, पण चपलेसारखी फटफट नको. लोफर मात्र सुरुवातीला अंगासरशी बसलेलेच घ्या.

‘घातल्यावर सैल होईल’ या वाक्याला मर्यादा आहेत. चामडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला होत नाही. कॅनव्हास फारच थोडा. रेक्झिन जवळपास नाहीच. बोट पुढे टेकत असेल तर कितीही दिवस घातलं तरी ते टेकतच राहणार.

ऑनलाइन घेतला असेल तर घरात चादरीवर किंवा स्वच्छ लादीवर चालून बघा, वरच्या सगळ्या तपासण्या करा आणि परत करायची मुदत संपायच्या आत निर्णय घ्या. प्रतिक्रिया वाचताना पहिल्या दिवशीचे पाच तारे सोडा. ‘चार महिने वापरल्यावर’ अशी सुरुवात असलेल्या वाचा. आयएसआयची खूणही बघा. रबरी सोलच्या कॅनव्हास बुटांसाठी आयएस ३७३५ हे भारतीय मानक आहे. ती खूण म्हणजे उत्तम बूट असं नाही, पण सोल आणि सांधा किमान कसोटीतून गेलेला असतो.

घेतल्यानंतर

पहिला आठवडा दोन-तीन तासच घाला, म्हणजे वाकायची जागा सावकाश मऊ होते. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. दिवसभराचा घाम आतून सुकायला पूर्ण एक दिवस लागतो. ओला बूट पुन्हा घातला की अस्तर कुजतं, वास येतो आणि सांधाही सुटतो. घरी आल्यावर सुखतळा निघत असेल तर काढून ठेवा.

धुताना गार पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. नाड्या वेगळ्या धुवा. पांढऱ्या कॅनव्हासवर पिवळे डाग येतात ते बहुधा कापडात राहिलेल्या साबणाचे, म्हणून शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. ब्लीच नको, त्याने सुती धागा कमजोर होतो. वाळवताना वर पांढरा टिश्यू पेपर गुंडाळला तर सुकताना मळ कागदाकडे ओढला जातो. आणि वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. कडक उन्हात ठेवलेला ईव्हीएचा बूट चक्क आक्रसतो, नंबराने लहान होतो. उन्हात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या जोडाचंही तेच होतं, शिवाय सोल्यूशन मऊ पडून सोल सुटतो.

पावसात भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीन तासांनी बदला. हेअर ड्रायर, शेगडी, इस्त्री यांपैकी काहीही नको.

सोल एखाद्या इंचाने सुटला की लगेच चांभाराकडे न्या. उशीर झाला की फटीत धूळ बसते आणि धुळीवर कुठलंच सोल्यूशन धरत नाही. नीट काम असं होतं: दोन्ही बाजू खरवडायच्या, दोन्हीवर सोल्यूशन लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं आणि मग दाबून ठोकायचं. छोट्या ट्यूबमधला झटपट गोंद वापरू नका. तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि बूट वाकला की तडकतो. रबरी सोलला कडेने साइड शिलाई मारून घेतली तर जोड आणखी एखादा हंगाम सहज काढतो. ईव्हीएला मात्र शिलाई घट्ट ओढू देऊ नका, दोरा फेस कापत आत जातो.

टाचेच्या आतलं अस्तर विरळ दिसू लागलं की भोक पडायची वाट न बघता चामड्याचा पातळ तुकडा आतून लावून घ्या. काम दहा मिनिटांचं आहे.

महिन्यातून एकदा दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून, डोळ्याच्या पातळीवर बघा. टाच एका बाजूला कलली असेल तर तेवढ्या कोपऱ्याला रबराचा तुकडा लावून घ्या. सोलच्या बाजूला आडव्या वळ्या पडून त्या बूट काढल्यावरही तशाच राहत असतील, तर मधला फेस बसलाय. त्याला दुरुस्ती नाही, वरचं कापड कितीही नवं दिसत असलं तरी.